घराला जंग्या पडतात तेव्हा

गडावर फिरताना तटाच्या भिंतीत छोटी भोकं दिसतात. आतून रुंद, बाहेरून अरुंद आणि बहुतेक वेळा खालच्या दिशेने उतरती. त्यांना जंग्या म्हणतात. आतल्या माणसाला बंदूक डावी-उजवीकडे फिरवता यावी, बाहेरच्याला मात्र नेम धरायला वीतभरसुद्धा जागा मिळू नये, अशी ती रचना. आज आपण त्या जंगीतून मोबाइल बाहेर काढून दरीचा फोटो घेतो.

गडाची जंगी तट बांधतानाच ठेवलेली असते. ती भिंत जन्मापासून लढाईसाठीच असते.

आता तशीच जंगी एका साध्या घराच्या भिंतीत डोळ्यांसमोर आणा. बांधताना ठेवलेली नव्हे, तर काल संध्याकाळी कुदळीने फोडलेली. खाली विटांचा चुरा पडलाय. शेजारी जेवणाचं टेबल आहे आणि त्या टेबलावर एक सैनिक पालथा पडून बंदुकीच्या नळीवरून समोरच्या पुलाकडे पाहतोय. घरमालकाला कुणी विचारलेलं नाही.

दोन महायुद्धांत युरोपातल्या कालव्यांच्या काठावर अशी कित्येक घरं होती. गिरण्या, गोदामं, रेल्वे स्टेशनं, वीटभट्ट्या, गोठे, सगळे एका रात्रीत किल्ले झाले. सैन्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख सहसा एका ओळीत संपतो: 'काठावरच्या इमारती संरक्षणासाठी सज्ज करण्यात आल्या.' ही गोष्ट त्या ओळीत काय काय दडलंय त्याची आहे.

कालवाच का?

आपल्याकडे कालवा म्हटलं की धरणातून शेताला जाणारं पाणी आठवतं. उत्तर फ्रान्स, बेल्जियम आणि इंग्लंडमधले हे कालवे वेगळे. ते मालवाहतुकीसाठी खणलेले. रेल्वे येण्याआधी कोळसा, विटा, धान्य असा जड माल न्यायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पाणी. काठाच्या वाटेवरून चालणारा एक घोडा गाडीपेक्षा कितीतरी पट जास्त माल भरलेली नाव ओढू शकायचा. त्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात या देशांत कालव्यांचं जाळं विणलं गेलं.

नदीला उथळ जागा असतात, उतार असतात. तिथून माणूस, घोडा, कधीकधी रणगाडाही पलीकडे जातो. कालव्याला उतार नसतो. काठ सरळ, उभे, बऱ्याच ठिकाणी दगड-विटांनी बांधलेले. पलीकडे जायचं तर पूल हवा, नाहीतर लॉक हवं. लॉक म्हणजे पाण्याची पातळी चढ-उतार करून नाव वरखाली नेणारी दारं. पूल आणि लॉक किती आणि कुठे, हे नकाशावर बोटांनी मोजता येतं. सेनापतीच्या दृष्टीने हा आयता खंदक.

आणि जिथे पूल, तिथे माणसं. लॉकवाल्याचं घर, मालाची वखार, नावाड्यांची खाणावळ, पिठाची गिरणी, स्टेशन. ही वस्ती व्यापाराने वसवली होती. पण किल्ला बांधायला एखादा सेनानी निघाला असता तर त्याने नेमक्या याच जागा निवडल्या असत्या.

तासाभरात किल्ला

घराचा किल्ला कसा करायचा याचे धडे सैन्यात रीतसर दिले जात.

आधी खिडक्यांच्या काचा फोडायच्या, कारण गोळीबारात काच उडून आतल्यांनाच लागते. दारांमागे कपाटं, पलंग रचायचे, बाहेर पडायला एकच वाट ठेवायची. विटांची भिंत गोळी अडवते, पण एकाच जागी सतत मारा झाला तर ती ढासळते. म्हणून आतून मातीची पोती लावायची. पोती नसतील तर टेबलाचे खण, पेट्या, गादीच्या खोळी, जे हाताला लागेल त्यात माती भरायची.

जंग्या खिडकीत करायच्या नाहीत, कारण शत्रू आधी खिडकीकडेच पाहतो. त्या भिंतीत, जमिनीलगत किंवा कौलांखाली फोडायच्या. बंदूकवाल्याने भोकाला चिकटून बसायचं नाही, खोलीत मागे बसायचं, म्हणजे नळीच्या तोंडचा जाळ बाहेरून दिसत नाही. घरात असतील नसतील ती भांडी पाण्याने भरून ठेवायची, आग विझवायला. ओळीने घरं असतील तर मधल्या भिंतींना माणूस जाईल एवढी भगदाडं पाडायची, म्हणजे रस्त्यावर न येता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं.

पोती हाताशी असली तर एखादी खोली यातून तासाभरात तयार होते. ज्या घराला उभं राहायला एका कुटुंबाची निम्मी कमाई लागली, ते सहा-सात माणसं दुपारच्या जेवणाआधी किल्ला करून मोकळी होतात.

पण या किल्ल्याची एक खोट आहे. तो बंदुकीला पुरतो, तोफेला पुरत नाही. गडाच्या तटाची जाडी पावलांनी मोजतात, घराच्या भिंतीची वितीने. एक तोफगोळा बरोबर बसला की घराच्या विटाच आतल्या माणसांच्या अंगावर येतात.

रविवार, २३ ऑगस्ट १९१४

बेल्जियममधलं मॉन्स हे कोळशाच्या खाणींचं शहर. त्याच्या उत्तरेला आणि पश्चिमेला कालवा, काठावर खाणकामगारांच्या दाट वस्त्या, मधूनमधून खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर. पहिलं महायुद्ध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. जर्मन फौज बेल्जियममधून फ्रान्सकडे निघाली होती आणि तिच्या वाटेत ब्रिटिश फौज या कालव्यावर उभी राहिली. कालवा रुंदीला जेमतेम वीस मीटर. आदल्या दिवशी सैनिक आले, चर खणायला लागले, काठावरच्या घरांना जंग्या पाडायला लागले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चच्या घंटा वाजत होत्या, लोक ठेवणीतले कपडे घालून प्रार्थनेला निघाले होते, आणि त्याच सकाळी तोफा सुरू झाल्या.

शहराच्या उत्तरेला नीमी गावाजवळ दोन पूल होते, एक रेल्वेचा, एक बाजूला फिरवता येणारा. रेल्वे पुलावर मॉरिस डीझ या चोवीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे दोन मशीनगनी होत्या. पुनःपुन्हा जखमी होऊनही तो हटला नाही आणि तिथेच गेला. मग सिडनी गॉडली या साध्या शिपायाने मशीनगन हातात घेतली आणि साथीदार मागे सरेपर्यंत चालवली. शेवटी तिचे भाग सुटे करून त्याने कालव्यात फेकले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फिरता पूल ब्रिटिशांनी बाजूला वळवून ठेवला होता. ऑस्कर निमायर नावाचा जर्मन शिपाई गोळीबारात पोहत गेला, त्याने यंत्र फिरवून पूल जागेवर आणायला सुरुवात केली आणि तिथेच मारला गेला. पराक्रम कालव्याच्या दोन्ही काठांवर होता.

थोडं पूर्वेला ओबूर्गचं रेल्वे स्टेशन. तिथली गोष्ट अशी सांगितली जाते: मागे हटायचा हुकूम आला तेव्हा एक ब्रिटिश शिपाई स्टेशनच्या छपरावर चढला आणि बाकीचे निघून जाईपर्यंत एकटा गोळ्या झाडत राहिला. त्याचं नाव काय, ते राहिलं नाही. पुढे जुनं स्टेशन पाडलं गेलं, पण त्याच्या भिंतीचा एक तुकडा आठवण म्हणून फलाटावर राखून ठेवला आहे.

संध्याकाळपर्यंत कालवा हातचा गेला. ब्रिटिशांची सुमारे १६०० माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. इतिहासाची पुस्तकं इथून सैन्यासोबत दक्षिणेकडे निघतात. आपण थोडा वेळ गावातच थांबू.

गोळी कुणी झाडली?

युद्धाचे नियम १९०७ साली हेगमध्ये लिहिले गेले होते. त्यातलं पंचविसावं कलम सांगतं की ज्या गावांचं, घरांचं, इमारतींचं संरक्षण केलं जात नाही, त्यांच्यावर हल्ला करायचा नाही. कलम चांगलंच आहे. पण त्याची दुसरी बाजू बघा. घराच्या भिंतीत एक जंगी पडली, तिच्यामागे एक बंदूक बसली, की ते घर 'संरक्षण न केलेलं' राहत नाही. घर तेच, पत्ता तोच, फळीवरची भांडीही तीच. पण कायद्याच्या नजरेत ते आता वेगळं काहीतरी झालेलं असतं.

आणि कायद्यापेक्षा भीती जास्त वेगाने पळते. रस्त्यातून चाललेल्या सैनिकाला भिंतीमागून गोळी येते, तेव्हा ती झाडणारा दिसत नाही. जंगीचं कामच ते आहे. मग गोळी सैनिकाने झाडली की घरमालकाने? १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की बेल्जियन नागरिक घराघरांतून चोरून गोळ्या मारताहेत. या समजुतीला प्रत्यक्षात फारसा आधार नव्हता. बहुतेक ठिकाणी गोळ्या माघार घेणाऱ्या सैनिकांच्या होत्या, काही ठिकाणी तर गोंधळात जर्मनांच्याच. पण त्या संशयावर बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये मिळून सुमारे ६५०० नागरिक मारले गेले. मॉन्सच्या काठावरच्या गावांतही माणसांना घरांतून बाहेर ओढून गोळ्या घातल्या गेल्या, घरं पेटवली गेली.

म्हणजे जंगी फोडणारा संध्याकाळी निघून गेला आणि तिचा हिशेब मागे राहणाऱ्याने दिला. पूल अडवणं चूक होतं असं मला म्हणायचं नाही. जर्मन फौजेला थोपवायचं तर कुठेतरी उभं राहावंच लागणार होतं. पण 'इमारती सज्ज करण्यात आल्या' या वाक्याला कर्ता नाही, आणि त्यात घरात राहणारा माणूसही नाही, हे लक्षात ठेवावं लागतं.

विटांचे ढीग आणि खडकीचे सॅपर

माघारीनंतर फौजा पुन्हा पुढे सरकल्या आणि १९१४ च्या शरद ऋतूत लढाई आणखी एका कालव्याशी येऊन अडकली. उत्तर फ्रान्समधला ला बासेचा कालवा. त्याच्या दक्षिण काठाला क्वांशी गावात वीटभट्टी होती. भाजलेल्या विटांचे चौकोनी ढीग, दुमजली घराएवढे उंच, नावांत भरले जायची वाट पाहत उभे होते. ती गिऱ्हाइकं कधी आलीच नाहीत. काही ढिगांवर ब्रिटिश बसले, काहींवर जर्मन. ढिगांत भुयारं पोखरली गेली, मशीनगनी बसवल्या गेल्या. एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे जाणं हे त्यानंतर कित्येक महिने युद्ध होतं. घरं बांधायला भाजलेल्या त्या विटा.

याच कालव्याच्या उत्तरेला काही किलोमीटरवर नव्ह शापेल हे गाव आहे. इथे या गोष्टीत पुण्याजवळची खडकी येते.

बॉम्बे सॅपर्स या नावाने आज आपण ज्यांना ओळखतो, त्यांचं तेव्हाचं नाव थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. मुख्य ठाणं खडकी. भरतीत मराठा, शीख, मुसलमान. सॅपर म्हणजे सैन्यातले कारागीर. पूल बांधणं, पूल उडवणं, चर खणणं, भिंतीला जंग्या पाडणं ही त्यांची विद्या. एक सॅपर तयार व्हायला वर्षं लागत. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस भारतीय फौज मार्सेय बंदरात उतरायला लागली आणि महिनाभरात थेट या आघाडीवर आली.

ऑक्टोबरच्या शेवटी जर्मनांनी नव्ह शापेल घेतलं आणि तिथली घरं आपल्या पद्धतीने सज्ज केली. २८ ऑक्टोबरला ४७ व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीला गावावर हल्ल्याला पाठवलं गेलं. कारागीर म्हणून नाही, साधे पायदळाचे शिपाई म्हणून. कारण दुसरी माणसंच शिल्लक नव्हती.

घराला जंग्या कशा पाडतात हे ज्यांना सर्वांत चांगलं माहीत होतं, ती माणसं त्या दिवशी जंग्यांच्या चुकीच्या बाजूला होती. मोकळ्या शेतातून ते गावापर्यंत पोचले. मग गल्ली-गल्लीत, घरा-घरात संगिनींची लढाई झाली. गावाचा बराच भाग त्यांनी घेतला. पण मागून कुमक आली नाही. जर्मनांचा उलट हल्ला आला आणि जे घेतलं ते सोडावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळपास सगळे अधिकारी आणि मोठ्या संख्येने जवान गमावले गेले. वर्षानुवर्षं शिकवून तयार केलेले हात एका दिवसात संपले.

नव्ह शापेलला आज भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. गोलाकार भिंत आणि एक उंच स्तंभ. १९२७ मध्ये त्याचं अनावरण झालं. ज्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही अशा ४७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथे कोरलेली आहेत. ही भिंत मात्र नावांसाठीच बांधलेली. तिला जंग्या नाहीत.

गावाचं नाव स्वर्ग

पंचवीस वर्षांनी, मे १९४० मध्ये, हाच ला बासेचा कालवा पुन्हा आघाडी झाला. जर्मन रणगाडे समुद्रापर्यंत पोचले होते. ब्रिटिश फौज डंकर्ककडे मागे सरत होती आणि ती निसटावी म्हणून कुणीतरी कालव्यावर थांबणं भाग होतं. थांबलेल्यांत रॉयल नॉरफोक रेजिमेंटची दुसरी बटालियन होती.

कालवा ओलांडून शत्रू आला तेव्हा उरलेली माणसं ल पारादी नावाच्या वाडीतल्या एका शेतघरात जमली. ल पारादी म्हणजे स्वर्ग. घर, गोठा, धान्याचं कोठार. त्यांनी तेच केलं जे धड्यात होतं. २७ मे रोजी दुपारपर्यंत लढले. घराला आग लागली, गोळ्या संपल्या, शेवटी ते पांढरं फडकं दाखवून गोठ्यातून बाहेर आले.

समोर एसएसची टोटेनकोफ डिव्हिजन होती. शरण आलेल्यांना जवळच्या दुसऱ्या शेतावर नेलं गेलं, कोठाराच्या भिंतीसमोर उभं केलं गेलं आणि मशीनगनी चालवल्या गेल्या. ९७ जण मारले गेले. दोघे वाचले, अल्बर्ट पूली आणि विल्यम ओ'कॅलहन. प्रेतांखाली दबून राहिले आणि रात्री सरपटत निघाले. पुढचे काही दिवस ते त्याच शेतावरच्या डुकरांच्या खोपीत लपले. कच्चे बटाटे खाल्ले, डबक्यातलं पाणी प्यायले. मग त्या शेताच्या मालकिणीला आणि तिच्या मुलाला ते सापडले. आजूबाजूला तीच फौज फिरत असताना त्या घराने दोघांना खायला घातलं.

त्या शेतावर कोठाराची भिंत मारण्यासाठी वापरली गेली आणि डुकरांची खोप जगवण्यासाठी. दोन्ही बांधणाऱ्याने यातला कुठलाच विचार केला नव्हता. पुढे पूली आणि ओ'कॅलहन यांच्याच साक्षींवर हुकूम देणारा फ्रिट्झ क्नोखलाइन हा अधिकारी दोषी ठरला आणि जानेवारी १९४९ मध्ये फाशी गेला.

घराचं सोंग घेतलेला किल्ला

त्याच उन्हाळ्यात, समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये, जर्मन कधीही उतरतील अशी धास्ती होती. तोफा आणि रणगाडे बहुतेक फ्रान्समध्येच सोडावे लागले होते. देशाच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या जनरल आयर्नसाइडने नकाशावर रेघा मारायला घेतल्या आणि त्यातल्या बऱ्याच रेघा कालव्यांवरून गेल्या. रेडिंगपासून ब्रिस्टलकडे जाणारा सुमारे १४० किलोमीटरचा केनेट अँड एव्हन जलमार्ग अशीच एक रेघ झाला. १८१० मध्ये सुरू झालेला हा मार्ग तोवर रेल्वेने पार मोडीत काढला होता. मालासाठी तो जवळजवळ निकामी होता. रणगाडा अडवायला मात्र त्याचा उपयोग होता.

पुलांखाली सुरुंगांसाठी जागा केल्या गेल्या. लॉकजवळ, वळणांवर काँक्रीटच्या छोट्या कोठड्या उभ्या राहिल्या. त्यांना पिलबॉक्स म्हणतात: बऱ्याचदा सहा बाजू, भिंतींत जंग्या. इथे गोष्ट उलटी फिरते. फ्रान्समध्ये घरांचे किल्ले झाले होते. इंग्लंडमध्ये काही किल्ल्यांना घराचं सोंग दिलं गेलं. काँक्रीटवर खोट्या खिडक्या रंगवल्या, खिडक्यांत पडदे रंगवले, वर उतरतं छप्पर चढवलं. कुठे गवताची गंजी, कुठे रस्त्यावरची टपरी.

सोंग कशाच्या भरवशावर चालतं? घर दिसलं तर शत्रू लगेच गोळी झाडणार नाही, या भरवशावर. म्हणजे हेगच्या कलमात जी सभ्यता शिल्लक होती, तिच्या आडोशाला बंदूक बसवलेली. आपला देश बुडत असताना असं करणाऱ्यांना दोष देणं आज सोपं आहे. पण असं सोंग एकदा उघडं पडलं की पुढे खरं घर दिसल्यावरही कुणी थांबत नाही, हेही तितकंच खरं.

जर्मन आले नाहीत. जुलै १९४० मध्ये आयर्नसाइडच्या जागी ॲलन ब्रूक आला. काँक्रीटच्या रेघांवर त्याचा विश्वास नव्हता. चपळ, हलत्या फौजेवर होता. नव्या पिलबॉक्सचं काम थंडावलं. त्या जंग्यांतून शत्रूवर एकही गोळी सुटली नाही.

केनेट अँड एव्हन कालवा स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केला आणि १९९० मध्ये तो पुन्हा खुला झाला. आज तिथे सुट्टीच्या नावा फिरतात. काठावरचे काही पिलबॉक्स वटवाघळांसाठी राखले आहेत. जाड काँक्रीट, आत अंधार, थंडी-वाऱ्यापासून आसरा. वटवाघळांना एवढंच हवं असतं. तिकडे मॉन्सच्या कालव्याचा मोठा भाग बुजवला गेला आणि आता त्यावरून मोटारी धावतात.

कधीच न लढलेले किल्ले अशा प्रकारे घरं झाले. जी खरी घरं लढली, त्यातली बहुतेक उरलीच नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर नव्ह शापेलसारखी गावं पायापासून नव्याने बांधावी लागली.

बातम्यांत आजही आपण एखाद्या शहराची चित्रं बघतो: भगदाड पडलेली इमारत, तिसऱ्या मजल्यावर उघडं पडलेलं स्वयंपाकघर. मग वाद सुरू होतो की आत बंदूकवाले होते की नव्हते. तो वाद महत्त्वाचाच आहे, कारण नियम त्यावरच उभे आहेत. पण त्याच्याआधी एक साधा प्रश्न विचारता येतो: त्या स्वयंपाकघरात काल संध्याकाळपर्यंत कोण राहत होतं, आणि भिंत फोडताना त्याला कुणी विचारलं होतं का?